सटकलेला नट

चाक बदलताना नट हातातून सुटला की पायाशी कधी थांबत नाही. टणटण करत दोनदा उडतो, कडेवर उभा राहतो आणि घरंगळत घरंगळत गाडीच्या पोटाखाली, हात जिथे वीतभर कमी पडतो नेमका तिथे जाऊन आडवा होतो. म्हणून हायवेवरचा जाणता पंक्चरवाला काढलेले नट उताण्या व्हीलकॅपमध्ये टाकतो. व्हीलकॅप नसेल तर स्वतःच्या टोपीत. जमिनीवर ठेवायचे नाहीत, हा त्या धंद्यातला पहिला धडा.

४ ऑगस्ट १९५७ रोजी जर्मनीत, न्युरबर्गरिंग या मोटारशर्यतीच्या ट्रॅकवर, गाड्या टायर-इंधनासाठी थांबतात त्या पिटमध्ये, हा धडा जगातल्या उत्तम मेकॅनिकांना नव्यानं गिरवावा लागला. जर्मन ग्रां प्री ऐन भरात आलेली, समोर अर्जेंटिनाचा शर्यतपटू हुआन मान्युएल फँजिओ याची लाल मासेराती उभी आणि तिच्या मागच्या डाव्या चाकाचा नट गाडीखाली पसार.

आपल्या गाडीच्या चाकाला चार-पाच नट असतात. एखादा हरवला तर बाकीच्यांच्या भरवशावर हळूहळू घरी जाता येतं. त्या काळच्या रेसिंग गाडीच्या दर चाकाला एकच नट. चाक तारांच्या आऱ्यांचं. त्याच्या मधल्या तुंब्याला आतून दाते असतात, ते हबवरच्या, म्हणजे आसाच्या टोकावरच्या, दात्यांत अडकतात आणि वरून हा एकुलता एक मोठा नट सगळं जागच्या जागी धरून ठेवतो. त्याला बाहेर आलेले कान असतात. पान्हा लागत नाही, कानावर हातोडा हाणायचा. हातोडा तांब्याचा, कारण पोलादी हातोड्यानं कानाचाच तुकडा पडतो. बसवताना पहिले दोन-तीन आटे हातानं, बोटांना जाणवेल असे चढवायचे आणि मगच ठोके द्यायचे. घाईत तिरका चढवला की आटे गेले, आणि आटे गेले म्हणजे चाकासकट शर्यत गेली. शिवाय एका बाजूच्या चाकांचे आटे सुलटे तर दुसऱ्या बाजूचे उलटे, म्हणजे चालत्या गाडीत नट आपोआप सैल होऊ नये. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्यामागेही हाच विचार. बाजू विसरलेला माणूस सोडायचा नट जिवाच्या आकांतानं आवळत बसतो. असा हा कान पिळून वठणीवर आणायचा नट. पण एकदा मोकळा झाला की तो कोणाचा नाही.

मुळात गाडी थांबवलीच का, असा प्रश्न कोणालाही पडेल. शर्यत २२ फेऱ्यांची, एक फेरी २२.८ किलोमीटरची. दादरहून मुलुंडपर्यंतची लोकल डोळ्यांपुढे आणा. जवळपास तेवढं अंतर, पण आयफेलच्या डोंगरांतून, दीडशेच्या वर वळणं आणि सुमारे ३०० मीटरचा चढउतार घेत. असं बावीस वेळा. म्हणजे ५०० किलोमीटर, साडेतीन तास. प्रतिस्पर्धी माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स यांच्या फेरारी टाकी काठोकाठ भरून, एंगलबर्टचे कडक टायर घालून आल्या होत्या. त्यांना मध्ये थांबायचंच नव्हतं. मासेरातीनं उलटा डाव टाकला. टाकी अर्धी, पिरेलीचे टायर मऊ. त्या वर्षापर्यंत या गाड्या मेथॅनॉलच्या मिश्रणावर चालत. मेथॅनॉल इंजिनाला थंड ठेवतं, पण पेट्रोलच्या जवळपास दुप्पट जळतं. त्यामुळे ५०० किलोमीटरचं इंधन म्हणजे शेपटीत भलंमोठं ओझं. अर्ध्या टाकीवर गाडी हलकी, वळणात चपळ, ड्रम ब्रेकही कमी तापतात. मऊ रबर रस्त्याला चिकटून राहतं, पण लवकर झिजतं, म्हणून टायर बदलण्यासाठी एकदा थांबणं आलंच. हिशेब सरळ होता: थांबायला जेवढा वेळ लागणार, तेवढी आघाडी त्याआधी कमावून ठेवायची. संसारातही आधी साठवून मग खर्च करणारे आणि आधी खर्च करून मग फेडणारे असे दोन पक्ष असतात. फँजिओ स्वभावानं पहिल्या पक्षातला. त्या दिवशी त्याला दोन्हींत राहावं लागलं.

साठवण ठरल्याप्रमाणे झाली. तिसऱ्या फेरीत तो पुढे गेला आणि बाराव्या फेरीअखेर पिटमध्ये वळला तेव्हा गाठीशी सुमारे २८ सेकंद होते. मागचे टायर बदलायचे, टाकी भरायची. तो गाडीतून उतरला, घोटभर काही प्यायला. पुढचं आपल्याला ठाऊक आहे. गाडी पुन्हा रस्त्याला लागली तेव्हा २८ सेकंदांची पुंजी संपून वर पाऊण मिनिटाहून जास्त कर्ज झालेलं होतं. फेऱ्या उरल्या होत्या दहा.

आणि बाहेर पडल्यावरच्या पहिल्या फेरीत फँजिओ हळू चालवत होता. ही चाल होती असं मानणारे पुष्कळ आहेत: आपण हरलो असं फेरारीवाल्यांना वाटू द्यायचं. चाल असेलही, पण नव्या टायरवर हळू चालवणं हा शहाणपणाच असतो. साच्यातून निघालेल्या रबरावर बुळबुळीत झाक असते, ती घासून जावी लागते. रबर तापावं लागतं, शिवाय भरलेल्या टाकीनं गाडीचा तोल बदललेला असतो, तो अंगात मुरावा लागतो. कोरी चप्पल ओल्या फरशीवर घालून पाहिली की यातलं निम्मं कळतं. फँजिओ मुळात अर्जेंटिनातल्या बाल्कार्से गावचा मेकॅनिक, दक्षिण अमेरिकेतल्या हजारो किलोमीटरच्या रस्त्यांवरच्या शर्यतींत मुरलेला. टायरला वेळ द्यायचा हे त्याला चालीखातर आठवावं लागलं असेल, असं वाटत नाही.

फेरारीच्या पिटमध्ये मात्र त्या हळू फेरीचा अर्थ ‘संपला’ असा लावला गेला. तेव्हा गाडीत रेडिओ नव्हता. पिटच्या कठड्यावरून फळी दाखवायची, तीही फेरीला एकदा. छोट्या ट्रॅकवर दीड-दोन मिनिटांनी निरोप बदलता येतो. इथे एक निरोप गेला की दुसरा जायला साडेनऊ मिनिटं. पोस्टकार्डावर भांडण चालवण्यासारखा हा प्रकार. आरामात चला, असा इशारा गेला. हॉथॉर्न आणि कॉलिन्स, दोघे जिवलग मित्र, एकमेकांना पुढेमागे घालत मजेत चालले होते. घड्याळं वेगळं सांगू लागली तेव्हा दोघे डोंगरात, आणि फळी पिटमध्ये.

त्या दहा फेऱ्यांची गोष्ट सांगताना लोक फँजिओच्या अंगात काहीतरी संचारलं होतं असं सांगतात. सगळ्यांत पटणारं उत्तर त्यानंच नंतर दिलं, आणि ते गिअरचं आहे. एरवी जी वळणं तो दुसऱ्या गिअरमध्ये घेई ती तिसऱ्यात, तिसऱ्यातली चौथ्यात घेतली. ऐकायला सोपं. घाटात गाडी चालवणाऱ्यानं क्षणभर विचार करावा: वळणाआधी आपण गिअर खाली घेतो, कारण बाहेर पडताना इंजिनात दम हवा. वरच्या गिअरमध्ये आत शिरलो आणि वेग जरा कमी पडला की इंजिन गुदमरतं, गाडी वळणाच्या तोंडाशी ढेपाळते. म्हणजे वरच्या गिअरमध्ये वळण घ्यायचं तर आत शिरतानाच वेग जास्त हवा, आणि तो मध्ये कुठे सांडता कामा नये. बदल्यात दोन फायदे. एक गिअर कमी बदलला की तेवढा वेळ दोन्ही हात चक्रावर राहतात. दुसरं, चाकांवर इंजिनाचा रेटा सौम्य पडतो, टायर जागच्या जागी फिरत नाहीत, गाडी एकदम न सुटता चारही चाकांवर सावकाश तिरकी सरकते. तेव्हाचे अरुंद, क्रॉस-प्लाय (तिरक्या धाग्यांच्या थरांचे) टायर असं सरकणं झेलत, आणि फँजिओची गाडी, मासेराती २५० एफ, तर त्याबद्दल नावाजलेलीच. तिथे चक्रापेक्षा उजव्या पायानं गाडी वळवायची असते. तिथेही एक गंमत: या गाडीत अॅक्सिलरेटर मधोमध आणि ब्रेक उजवीकडे. आपल्या सवयीचा माणूस पहिल्याच वळणावर झाडीत जाईल.

एका वळणात अर्धा सेकंद वाचला तरी फार झाला. पण दीडशे वळणांतल्या दहा-बारा ठिकाणी तो वाचला की फेरीमागे पाच-सहा सेकंद सुटतात. कर्जाची फेड वळणावळणाला, हप्त्याहप्त्यानंच होते. सरळ रस्त्यावर कोणी शूर असून चालत नाही, तिथे इंजिन जेवढं देईल तेवढंच.

आदल्या वर्षीचा शर्यतीतला विक्रम ९ मिनिटं ४१.६ सेकंदांचा होता, तोही त्याचाच. या वेळी सुरुवातीची जागा ठरवताना, मोकळ्या रस्त्यावर, त्यानं ९:२५.६ काढली होती. विसाव्या फेरीत, मागे भरल्या टाकीचं उरलेलं वजन असताना, ९:१७.४. आठ सेकंद कमी, आणि वय वर्षं ४६. एकविसाव्या फेरीत त्यानं आधी कॉलिन्सला गाठलं. फँजिओच्या चाकाखालून उडालेल्या खड्यानं कॉलिन्सच्या गॉगलची काच फुटली. मग हॉथॉर्नला आतून, डावी चाकं गवतात घालून मागे टाकलं. गवतात चाक घालणं हे एरवी चूक समजतात, आणि समजावंच. हॉथॉर्ननं शेवटपर्यंत पिच्छा सोडला नाही. अंतर उरलं ३.६ सेकंद.

या आकड्यांतला एक फारसा सांगितला जात नाही. पूर्ण शर्यतीला त्याला ३ तास ३० मिनिटं ३८.३ सेकंद लागले. बावीसनं भागा: फेरीला सरासरी ९ मिनिटं ३४.५ सेकंद. यात स्टार्टला उभ्या गाडीतून निघणं आलं, हळू चालवलेली ती फेरी आली, टाकी भरणं आलं, घोटभर पिणं आलं आणि मेकॅनिक गाडीखाली वाकून नट शोधत होता तो वेळही आला. तरीही ही सरासरी आदल्या वर्षीच्या सर्वांत वेगवान फेरीहून सात सेकंदांनी सरस.

पाचवं जगज्जेतेपद त्याच दिवशी पक्कं झालं. जगज्जेतेपदाच्या ग्रां प्रींमधला हा त्याचा शेवटचा विजय. असं पुन्हा चालवणं नको, असं तो पुढे म्हणाला. आज चाकाचा नट चाकातच अडकवलेला असतो, नट फिरवणाऱ्या यांत्रिक गननं सुटतो आणि चाकाबरोबरच निघतो; घरंगळायला तो मोकळा राहतच नाही. २०२१ साली मोनाकोत वाल्तेरी बोटासच्या मर्सिडीजच्या पुढच्या उजव्या चाकाचा नट गननं आतून असा घासला गेला की चाक काही केल्या निघेना. शर्यत तिथेच सोडावी लागली आणि ते चाक शेवटी कारखान्यात नेल्यावर सुटलं.

फँजिओच्या गाडीत त्या दिवशी आणखी एक वस्तू सुटली होती. शेवटच्या फेऱ्यांत सीटच हलायला लागलं. कमरेला पट्टा बांधायची तेव्हा रीत नव्हती. दोन्ही गुडघे गाडीच्या अंगाला आतून रेटून, स्वतःला पाचरीसारखं ठोकून घेऊन, तो उरलेली वळणं घेत राहिला. वरच्या गिअरमध्येच.