‘नाही’ म्हणण्याची किंमत

नाटकात लैंगिक अत्याचाराचा प्रसंग कसा लिहावा, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका लिहिणारी मुलं हमखास विचारतात, "अत्याचार पुरुषावर झालेला दाखवायचा तर बाईचाच प्रसंग नावं बदलून लिहिला तर चालेल ना?" नाही चालत. संमतीची कसोटी दोघांना एकच, पण ‘नाही’ म्हणण्याची किंमत वेगळी पडते. ती किंमत प्रसंगाच्या आधीच संहितेत यायला हवी.

समजा, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं भरून राहणारा एकवीस वर्षांचा मुलगा आहे. स्पर्धा परीक्षेची पूर्वपरीक्षा बारा दिवसांवर, दोन महिन्यांचं भाडं थकलेलं, डिपॉझिट घरमालकिणीकडे. ती खोलीत येते आणि आतून कडी लावते. अशा जागी बऱ्याच संहितांत हशा घेतलेला असतो. तो कुठून येतो ते शोधा. बहुधा "नशीब काढलंस लेका" म्हणणाऱ्या रूममेटच्या वाक्यातून. ते वाक्य काढू नका, पुढे न्या. मुलगा सगळं सांगायला तोंड उघडतो तिथे ठेवा, म्हणजे त्याच वाक्यानं त्याचं तोंड मिटतं.

तो ओरडत नाही, ढकलत नाही. भीतीनं अंग थिजतं, हातपाय ऐकत नाहीत. बाईचंही असंच होतं. त्यात स्पर्शानं शरीर उत्तेजित झालं तरी ती निव्वळ शारीरिक प्रतिक्रिया असते, होकार नव्हे. पुरुष पात्र नेमकं यावरूनच स्वतःला वर्षानुवर्षं दोषी धरतं आणि लिहिणारे नेमकं हेच टाळतात. आठवणही सलग येत नाही. तिचा चेहरा पुसट होईल, पण कॅलेंडरवर मांडलेले मेसचे खाडे लख्ख आठवतील.

बाईच्या प्रसंगात चूक उलटी होते. विझणारा दिवा, सुटलेला पदर, शरीराचं वर्णन. म्हणजे नजर अत्याचार करणाऱ्याची. ‘अब्रू लुटली’ हा शब्दप्रयोग कृपा करून टाळा, त्यात लाज तिच्याच पदरात पडते. आणि पाठलाग करून करून मिळवलेला होकार प्रेम म्हणून खपवू नका.

पोलीस ठाण्याचा प्रसंग लिहिताना कथेची तारीख आधी ठरवा. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं, ते अंगावर जखमा नाहीत याकडे बोट दाखवून. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हे २०१३ पासून बलात्काराच्या कलमातच स्पष्टपणे लिहिलेलं आहे. पण ते कलम स्त्रीपुरतं. नवऱ्यानं सज्ञान बायकोवर केलेली जबरदस्ती आजही त्यात बसत नाही. पुरुषावर पुरुषानं अत्याचार केला तर पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ लागायचं. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्याच्या जोडीचं कलमच नाही. पात्र सतरा वर्षांचं असेल तर पॉक्सो, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो, तिथे मुलगा-मुलगी भेद नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यात लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा आहे. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा. तेव्हा आपल्या एकवीस वर्षांच्या मुलासमोर बसलेल्या फौजदाराच्या तोंडी ‘बलात्काराचा गुन्हा नोंदवतो’ असं वाक्य घालू नका.

दुसऱ्या दिवशी तो तिला नेहमीसारखा मेसेज करतो, "काकू, भाडं सोमवारी देतो." दिग्दर्शक ‘हे पटत नाही’ म्हणेल. तरी ठेवा. खोली अजून तिचीच आहे.