कोल्हापूर ते दिब्रुगड: नेटवर साडेतीन तास, मला एकतीस

लेक आसामात, दुलियाजानला असते. जुलैत तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा आधी नेटवर अंतर बघितलं. कोल्हापूर ते दिब्रुगड सुमारे २,४५० किलोमीटर, विमानाने साडेतीन तास. "सकाळी निघतो, दुपारी जेवायलाच येतो," असं लेकीला सांगून मोकळा झालो.

ते साडेतीन तास म्हणजे नकाशावरची सरळ रेघ भागिले जेटचा वेग. त्या रेघेवरून थेट विमान कुणी सोडत नाही, हे तिकीट काढताना कळलं. खरी वाट उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ), हैदराबाद, कोलकाता, मोहनबारी (दिब्रुगडचा). गंमत म्हणजे तिन्ही टप्प्यांची बेरीज २,५०० च्या आसपासच भरते. वळसा जेमतेम पन्नास किलोमीटरचा, हवेतला वेळ पाचेक तास.

घोळ मी घातला. हैदराबादपर्यंत एका कंपनीचं तिकीट, पुढे दुसऱ्या कंपनीचं, कारण नऊशे रुपये वाचत होते. मध्ये अडीच तास होते, म्हटलं भरपूर झाले. पण कोल्हापूरवर ढग उतरले आणि आमचं एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, एक तास वीस मिनिटं उशिरा सुटलं. हैदराबादला उतरलो तेव्हा पुढच्या विमानाला सत्तर मिनिटं होती. तिकिटं वेगळी, म्हणजे बॅग पट्ट्यावरून घ्यायची, बाहेर यायचं, पुन्हा आत शिरून ती नव्याने द्यायची. पट्टा रिकामाच फिरत होता. पंचवीस मिनिटांनी हिरवी सुतळी बांधलेली आमची बॅग आली, पाच किलोची गुळाची ढेप पोटात घेऊन. धावत काउंटर गाठला तर पस्तीस मिनिटं उरलेली, आणि काउंटर तर विमान सुटण्याच्या तासभर आधीच बंद होतो.

"सर, आधीचं विमान आमचं नव्हतं. तुम्ही नो-शो." म्हणजे आम्ही आलोच नाही असं धरलं.

बरं, म्हटलं, कोलकात्याला आमचे आम्ही पोचतो, तिथून पुढचं तरी राहू द्या. तर तेही नाही. एका पीएनआरवरचा, म्हणजे एकाच बुकिंगमधला, पहिला टप्पा चुकला की पुढचे आपोआप रद्द. तिघांकडे फिरलो, तिघांनीही तेच वाक्य त्याच चालीत म्हटलं. विमान अजून समोर उभं होतं, हे मला अजून खुपतं. दुसऱ्या दिवशी सकाळची नवी तिकिटं घेतली, दुप्पट भावाने. रात्र खुर्चीत. सौ. एवढंच म्हणाली, "विचारा की आता नेटला, किती तास राहिले."

नो-शो झालात तरी विमानतळाचं शुल्क आणि कर परत मिळतात, पण मागावे लागतात. मला फॉर्म तीनदा भरायला लागला. आणि हो, एटीआरच्या डोक्यावरच्या कप्प्यात मोठी ट्रॉली बॅग मावत नाही, आधीच खाली द्या. वजन घरीच करा. पंधरा किलोच्या मर्यादेत पाच किलो गूळ म्हणजे कपडे दहाच किलो.

परतीची तिकिटं मी दुलियाजानलाच बसून बदलली. एक कंपनी, एक पीएनआर, नऊशे रुपये जास्त. मोहनबारीला बॅगेवर थेट कोल्हापूरचा टॅग लागला, तो मी दोनदा वाचून घेतला.