एक पाइप आणि सुट्टीचा दिवस

आज अख्खा दिवस तंबाखू ओढायच्या एका जुन्या पाइपच्या साफसफाईने खाल्ला. पाइप पीटरसन या आयरिश कंपनीचा. तक्रार अजिबात नाही!

तंबाखू भरायच्या वाटीत काजळीचा थर इतका साचला होता की करंगळीही आत शिरेना. रीमरने, म्हणजे वाटी आतून खरवडायच्या हत्याराने, हळूहळू खरवडला, मग कापूस कोंबून वर आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडलं. काही तासांत कापूस कोऱ्या चहाच्या रंगाचा. काही जण मीठ भरतात, पण त्याने लाकूड तडकल्याचेही किस्से आहेत. आपला कापूसच बरा.

लाकूड म्हणजे ब्रायर, भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. ते बिचारं सगळं सोसतं.

खरी कटकट तोंडात धरायच्या काळ्या नळीची. ती व्हल्कनाइटची; व्हल्कनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ऊन-हवा लागून ते हिरवट-पिवळं पडतं आणि ओल्या पॉलिश पेपरने घासलं की असा काही भपकारा सुटतो की घरच्यांनी खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं. या नळीचं भोक टोकाला नाही, वरच्या अंगाला आहे. धूर थेट जिभेवर न येता टाळूकडे जावा म्हणून. पेटंट १८९८ चं. आधीच्या मालकाच्या दातांच्या खुणा मात्र मी मुद्दाम ठेवल्यात.

मशीनवर चकाचक करणाऱ्यांना हात जोडून विनंती, पाइपवरचे शिक्के सांभाळा. अक्षरं झिजली की पाइप कुठला, कधीचा, सगळा पत्ताच गुल.

चांदीची कडी राहिलीय. ती उद्या, भिंग घेऊन.

आणि हो, मी स्वतः ओढत नाही. कृपया इनबॉक्समध्ये तंबाखूचे ब्रँड विचारू नका 😄