चाकू आहे का कोणाकडे?

कोकणात कमरेला आकडी बांधून तिच्यात कोयती अडकवून निघालेल्या माणसाला, ती बरोबर कशाला घेतली, असे कोणी विचारीत नाही. वाटेत आडवी आलेली फांदी, झाडावरून उतरवलेले शहाळे, कुंपणाची सुटलेली काठी यांपैकी काही ना काही निघणारच हे पाहणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि तो माणूस कोयतीशिवाय बाहेर पडला असता तर उलट त्याचेच नवल वाटले असते. मी पुण्यात राहतो आणि कार्यालयात टेबलापाशी बसून काम करतो. माझ्या विजारीच्या उजव्या खिशात रुमालाखाली एक लाल मुठीचा घडीचा स्विस चाकू असतो. मिटल्यावर तो जेमतेम नऊ सेंटीमीटर भरतो, तरीही बाहेर निघाला की समोरच्याच्या भुवया वर जातात आणि पाठोपाठ तो प्रश्न येतो : हे कशाला?

या भुवयांचे श्रेय बरेचसे चाकूंसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील रामपूरला आणि हिंदी सिनेमाला द्यावे लागेल. खलनायकाने गल्लीच्या तोंडाशी उभे राहून खटका दाबावा आणि वीतभर पाते चकाकत बाहेर यावे, हे दृश्य दोन-तीन पिढ्यांनी इतक्या वेळा पाहिले आहे की खिशातला चाकू म्हटले की शहरी माणसाला गुंडच आठवतो, पेरू आठवत नाही. खुद्द रामपूरला मात्र आपल्या चाकूचा अभिमान आहे. २०२३ मध्ये तेथील एका चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभारण्यात आला. कायदा या बाबतीत भुवयांपेक्षा समंजस आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत, आणि २०१६ च्या नियमांतील धारदार हत्यारांच्या वर्गात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. माझे पाते त्याच्या निम्म्यानेही भरत नाही. अर्थात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई हुकूम लागू झाला की चाकू घरी ठेवावा लागतो. त्या यादीत काठीसुद्धा आहे, हे आमच्या इमारतीतील सकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांना मी अजून सांगितलेले नाही.

तसे पाहिले तर टेबलापाशी बसणाऱ्या माणसाचे आणि चाकूचे नाते जुनेच आहे. मोडीत खर्डे घासणाऱ्या कारकुनाजवळ दौत आणि बोरू असत तसा बोरू तासायचा चाकूही असे, कारण लिहिता लिहिता बोरूचे टोक झिजून अक्षर जाड येऊ लागले की ते पुन्हा तिरके छाटावे लागे. बोरू गेला, टाक आला, पुढे बॉलपेन आले आणि कारकुनाच्या हातून चाकू सुटला. सुताराच्या हातून मात्र तो सुटलेला नाही, कारण त्याची चपटी पेन्सिल नेहमीच्या टोकयंत्रात जात नाही.

माझ्या लाल चाकूचा जन्मही एका रुक्ष सरकारी गरजेतून झाला. स्विस सैन्याने १८८९ मध्ये नवी रायफल घेतली. ती उघडून साफ करायला पेचकस लागे आणि शिधा म्हणून मिळणारे डबे फोडायलाही काहीतरी लागे, तेव्हा दोन्ही कामे करील असा एकच चाकू शिपायाला द्यावा असे ठरले. स्वित्झर्लंडमध्ये एवढ्या संख्येने चाकू घडवणारा कारखाना तेव्हा नव्हता, म्हणून पहिली खेप जर्मनीतील सोलिंगेन येथून आली. श्वीझ परगण्यातील इबाख गावच्या कार्ल एल्सनर यांना ते रुचले नाही आणि १८९१ पासून त्यांनी सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. मला त्यांचे खरे कौतुक वाटते ते १८९७ च्या चाकूसाठी. त्यात त्यांनी एकाच पोलादी पट्टीच्या दोन्ही बाजूंना अवजारे बसवली, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या ताणावर सहा अवजारे उभी राहिली आणि चाकू हलका राहिला. पाते उघडताना अंगठ्याच्या नखाला जो प्रतिकार जाणवतो आणि शेवटी जो 'टक्' असा आवाज येतो, तो याच पट्टीचा.

त्याच चाकूत बुचे काढण्याचा मळसूत्री काटा आला. आमच्या घरात द्राक्षासव वगळता द्राक्षांचे दुसरे काही बाटलीतून येत नाही आणि द्राक्षासवाला पिळाचे झाकण असते, त्यामुळे हा काटा निरुपयोगी ठरावा. पण सुतळीची ओली, आवळून बसलेली गाठ सोडवायला त्याच्यासारखे दुसरे साधन मी पाहिलेले नाही. टोक गाठीत घालून हलके फिरवले की पीळ सैलावतो आणि सुतळी न कापता हाती येते. शिवाय या काट्याच्या वेटोळ्यात एक इवलासा पेचकस फिरवून बसवता येतो. चष्म्याच्या काडीचा स्क्रू ढिला होणे ही चाळिशी उलटलेल्या मंडळींची सार्वजनिक अडचण आहे, आणि चष्म्याच्या दुकानापर्यंत आंधळेपणाने जाण्यापेक्षा माझ्या टेबलापर्यंत येणे त्यांना सोयीचे पडते. चाकूला हसणारे लोकही चष्मा हातात धरून येतात आणि तो पेचकस किती देखणा आहे ते सांगतात.

पात्याचे रोजचे काम सांगायला संकोच वाटावा इतके किरकोळ आहे. पार्सलची चिकटपट्टी, दुधाच्या पिशवीचा कोपरा, नव्या सदऱ्याच्या कॉलरमधला प्लॅस्टिकचा दोरा, औषधाच्या बाटलीवरचे न सोलवणारे वेष्टण. ही कामे चाकूवाचून अडतात असे नाही; लोक ती दातांनी, किल्लीने, नखांनी आणि संतापाने करतातच. ती चाकूने केली तर कडा सरळ येते आणि दात शाबूत राहतात, एवढाच फरक. अपवाद फळांचा. रेल्वेच्या डब्यात पेरू घेतला तर विकणारा तो चिरून तिखटमीठ भरून देतो, पण घरून आणलेला पेरू आपला आपण चिरून समोरच्या अनोळखी कुटुंबाला फोडी पुढे करण्यात जो थाट आहे तो चाकू जवळ असल्याशिवाय करता येत नाही.

यापूर्वी माझ्याकडे साध्या पोलादाच्या पात्याचा, लाकडी मुठीचा चाकू होता. साध्या पोलादाला धार लवकर आणि गोड लागते, पण ते गंजते. जुन्या विळीवर कैरी चिरली की पात्यावर आणि फोडींवर काळी झाक येते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना कारण सांगायला नको : कैरीचे आम्ल लोखंडाला लागते आणि कैरीतला तुरटपणा त्याचे काळे करतो. त्या चाकूचे पाते दोन उन्हाळ्यांत निळसर-करडे झाले आणि ते मला चकचकीत पात्यापेक्षा अधिक आवडू लागले, कारण हा थर तांबड्या गंजाला थोडाफार अडवतो. घोटाळा पावसाळ्यात झाला. गावी जून लागला की दारे फुगतात तशी मूठही फुगली आणि पाते खाचेत रुतून बसले. फ्रान्सच्या सावॉय भागात असे लाकडी मुठीचे चाकू पिढ्यान्‌पिढ्या वापरले जातात आणि तेथील लोकांनी यावर साधा तोडगा काढला आहे : मुठीचे मागचे टोक टेबलावर ठोकायचे, म्हणजे पाते नखाला लागेल इतके वर येते. चार महिने तसा ठोकत मी तो वापरला आणि नंतर गावच्या घरीच ठेवला. आता तेथे तो खोबरेल लावून फडताळात असतो.

धार मी स्वतः लावतो. दुहेरी दगड, आधी खरखरीत बाजू, मग गुळगुळीत. पाते दगडाशी साधारण वीस अंशांवर धरायचे आणि दोन्ही बाजूंना सारखे ओढायचे. घाई केली की कोन बदलतो आणि धार गोल होते. वर्तमानपत्राचा कागद उभा धरून पाते टेकवल्यावर तो आवाज न करता दुभंगला तर काम झाले; फरफरला तर पुन्हा दगड. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला चाकू घसरला की तो बोटाकडेच येतो, म्हणून ही खटपट. बिजागरीत खिशातले धागे आणि धूळ साठते, ती काडीने काढून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला की 'टक्' पुन्हा स्वच्छ ऐकू येतो.

विमानतळावर जाताना तो घरी राहतो, आणि त्या दिवशी हात उगाचच खिशाकडे जातो. एरवी तो मागितला की मी देतो. मिटून देतो आणि मिटूनच परत घेतो. आमच्या आजीचा दंडक याहून कडक होता : सुरी हातात द्यायचीच नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची, नाहीतर भांडण होते. नकार मी फक्त एका प्रसंगी देतो. कार्यालयात कोणाचा वाढदिवस असला की खोक्यातली प्लॅस्टिकची सुरी चॉकलेटच्या थरावर वाकते आणि सगळ्यांची तोंडे एकदम माझ्याकडे वळतात. क्रीम बिजागरीत शिरले की ते काडीने निघत नाही, गरम पाण्याने निघते पण तेलही घेऊन जाते, आणि राहिलेच तर दुसऱ्या दिवशी खिशाला आंबूस वास येतो. त्यामुळे केकसाठी मी जेवणाच्या डब्यातला चमचा पुढे करतो. उत्सवमूर्ती नाराज होते, टाळ्या थोडा वेळ रेंगाळतात, आणि केक चमच्यानेही व्यवस्थित कापला जातो.