बँड दिसेना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातले चार महिने माझे एका बँडमागे, म्हणजे प्रथिनाच्या चाचणीतल्या एका पट्टीमागे गेले.

न्यूरोब्लास्टोमा या मज्जासंस्थेच्या कर्करोगाच्या पेशींवर थॅप्सिगार्गिन टाकून मी ताण आणत होते. ताण आला की पर्क हे एन्झाइम ईआयएफ2-अल्फा या प्रथिनाच्या 51व्या सेरीनवर फॉस्फेट चढवतं आणि पेशीतली बहुतेक प्रथिननिर्मिती मंदावते. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर अँटिबॉडीने ओळखायच्या चाचणीत, हा फॉस्फेटवाला बँड 38 किलोडाल्टनच्या आसपास यायला हवा. एकूण ईआयएफ2-अल्फा ठसठशीत यायचं. फॉस्फेटवालं कधी पुसट, कधी नाहीच.

अँटिबॉडी बदलली. अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून मेम्ब्रेन दुधाऐवजी बीएसए या प्रथिनाने ब्लॉक केलं, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं प्रथिन. मेम्ब्रेन स्वच्छ दिसू लागलं, पण बँड काही येईना. लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडायचं द्रावण, त्याबद्दल तर मला शंकाच नव्हती. फॉस्फेट उतरू नये म्हणून त्यात घालायचं ऑर्थोव्हॅनाडेट दर वेळी पीएच 10 ला आणून, पिवळं द्रावण पाण्यासारखं होईपर्यंत मी स्वतः उकळत होते.

शेवटी शेजारच्या बेंचवरच्या सीनियर ताईंना वही दाखवली. त्यांनी बफरच्या ओळीवर बोट ठेवलं. "अगं, तुझा फॉस्फेट सेरीनवर आहे ना? व्हॅनाडेट अडवतं ते टायरोसीनवाल्या फॉस्फटेजना. पीपी1 मोकळंच आहे की तुझ्या ट्यूबमध्ये!"

फॉस्फटेज म्हणजे फॉस्फेट उतरवणारं एन्झाइम, आणि पीपी1 हे सेरीनवरचा फॉस्फेट उतरवणारं. पेशी फुटली म्हणून एन्झाइम थांबत नाही. मी प्रथिनाचं प्रमाण मोजत बसायचे, तेवढ्या वेळात पीपी1 एकेक फॉस्फेट उतरवत होतं. मग बफरमध्ये अशा फॉस्फटेजना अडवणारं सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आलं, प्लेट थेट बर्फावर गेली, आणि त्याच आठवड्यात बँड दिसला. खात्रीसाठी मेम्ब्रेनचा एक तुकडा लॅम्डा फॉस्फटेजमध्ये ठेवला. त्यावरचा बँड गेला, म्हणजे दिसत होता तो खरोखर फॉस्फेटच.

पुढे टाइम कोर्स लावला, म्हणजे ताण दिल्यावर वेगवेगळ्या वेळांना नमुने घेतले. अर्ध्या तासाला बँड गडद, आठ तासांना फिका. माझ्या पोटात गोळा आला, पुन्हा नमुने खराब झाले की काय! पण त्याच नमुन्यांत गॅड34 तपासलं तर ते चार तासांच्या लेनपासून वर येत होतं. ताणाखालीच तयार होणारं हे प्रथिन पीपी1ला धरून ईआयएफ2-अल्फापाशी आणतं, फॉस्फेट उतरतो आणि प्रथिननिर्मिती पुन्हा सुरू होते. ट्यूबमध्ये ज्याने माझे चार महिने खाल्ले, तेच एन्झाइम इथे पेशीला सावरत होतं. ती फिल्म मी कितीतरी वेळ हातात धरून बसले होते.

न्यूरॉनला हे फार लागतं, कारण सायनॅप्समधली, म्हणजे दोन न्यूरॉनच्या जोडावरची प्रथिनं सतत नव्याने बनवावी लागतात. 2012 साली लेस्टरमधल्या जोव्हाना मलुची यांच्या गटाने प्रायॉन या चुकीची घडी पडलेल्या प्रथिनाने मेंदूचा आजार झालेल्या उंदरांत दाखवलं की फॉस्फेट चढलेलाच राहिला तर सायनॅप्सची प्रथिनं घटतात आणि न्यूरॉन मरतात. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी जोडलेल्या मेंदूच्या भागात गॅड34 वाढवलं तेव्हा उंदीर जास्त जगले, फॉस्फेट उतरू न देणारं सॅल्युब्रिनल दिलं तेव्हा लवकर दगावले. उलट 2015 मध्ये सेफिन1 या रेणूने गॅड34चं काम अडवल्यावर एएलएस, म्हणजे स्नायू हलवणारे न्यूरॉन मरत जाण्याचा आजार, असलेल्या उंदरांना फायदा झाला. म्हणून "फॉस्फटेज वाढवा" किंवा "अडवा" असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. कुठला आजार आणि त्यातला कुठला टप्पा, हे आधी बघायला हवं.

सध्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसचे न्यूरॉन लावलेत. उद्या सकाळी पहिली प्लेट फोडायची आहे. फ्लोराइड आजच ताजं करून ठेवलंय.