चौफुल्याच्या अलीकडे

पंढरीच्या वारीत यवत सोडलं तेव्हा ऊन पडलं होतं आणि तेच नडलं. आदल्या दिवशीच्या पावसात भिजलेले पाय धड वाळले नव्हते, वर सोलापूर हायवेचं डांबर तापायला लागलं. भांडगाव येईस्तोवर दोन्ही टाचांनी पाणी धरलं. त्यात सकाळी टँकरपाशी झालेलं भांडण डोक्यातून जात नव्हतं. आमच्या दिंडीतल्या एक काकू दुसऱ्याची बादली पायानं बाजूला सारून आपली नळाखाली लावायच्या, आणि त्याच काकू हरिपाठाला उभ्या राहिल्या की त्यांचा आवाज ऐकून माझ्या घशात आवंढा यायचा. धड रागावताही येईना.

मी ख्रिस्ती. शाळेतल्या मैत्रिणीबरोबर आले, दिंडीच्या खर्चाची भिशी भरली, वहीत नाव लिहिलं, दिंडीत कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते घरच्यांनी. मावशी म्हणाली, "आपल्या देवळात देव सापडेना झाला का गं तुला?" खरं तर टाळ-मृदंग आम्हाला नवे नाहीत. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणतच आम्ही वाढलो, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं खुद्द टिळक सांगत. पण त्याच पुलावरून कुणी उलटं चालत गेलं तर चर्चच्या मंडळीला चालत नाही.

चौफुला दिसायच्या आधीच मी एका खतांच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दिंडी पुढे गेली. पुढच्या चौकातून डावीकडे वळलं की केडगाव, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-पोरींसाठी काढलेलं मुक्ती मिशन. माझी पणजी तिथली. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून बाईंनी ज्या पोरी आणल्या त्यांतली एक. आमच्या घरात रमाबाईंना नुसतं 'बाई' म्हणतात, शेजारच्या घरातल्या कुणी असाव्यात तसं.

"पाय दे इकडं."

वर पाहिलं तर एक म्हातारी, दुसऱ्याच कुठल्या तरी दिंडीतली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कमरेला चंची. मी नको नको म्हणेस्तोवर तिनं माझी टाच मांडीवर घेतली. चंचीतून सुई काढली, काडी पेटवून टोक तापवलं, काळा दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं बाहेर काढला. दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून दातानं तोडला. "ऱ्हाऊ दे आत. पाणी झिरपून जातंय. कातडं सोलू नगं." मग दुसरी टाच. दुखलं फार नाही, पण माझ्या मळक्या पायाला तिनं असा हात लावावा याची इतकी लाज वाटली की काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगून टाकलं, "आम्ही ख्रिस्ती आहोत, आजी."

तिनं माझी मनगटं उलटीपालटी करून पाहिली. "मग तुमच्यात गोंदत न्हाईत व्हय?"

"माझ्या पणजीच्या हातावर होतं."

"मग झालं," म्हणाली आणि खोबरेल चोळायला लागली.

पणजीच्या हातावरचं ते हिरवं गोंदण मी पाहिलेलं नाही, आजीकडून ऐकलंय. आईबापाचं तेवढंच तिच्यापाशी उरलं होतं. ती मिशनच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकली. हिब्रू नि ग्रीकवरून बाईंनी केलेल्या मराठी बायबलाची पानं त्या पोरींच्याच बोटांतून गेली.

आमच्याकडे ५ एप्रिलच्या, बाईंच्या पुण्यतिथीच्या, सुमारास त्यांच्यावर भाषणं होतात. त्याग, सेवा, शारदा सदन, विधवांचं शिक्षण. सगळं खरं आहे. पण पायांबद्दल कुणी बोलत नाही. बाई सहा महिन्यांच्या असताना त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, घर सोडलं. गड्याच्या डोक्यावरच्या वेताच्या पेटीत बसून, आपल्या बायका तुळस नेतात तशी ती पोर डोंगर उतरली. पुढे वर्षानुवर्षं तीर्थामागून तीर्थ. पुराण सांगायचं, आलेलं दान करून टाकायचं. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतलेला हा माणूस, पण पोरांना पोटापुरतं काही कमवायला शिकवावं हे त्याला सुचलं नाही. १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात आधी तो गेला, मग आई, मग थोरली बहीण. आईला न्यायला माणसं पुरेनात. दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ, चौथी ही. उंची कमी पडली म्हणून तिनं आपल्या वाटचं ओझं खांद्याऐवजी डोक्यावर घेतलं. स्मशान तीन मैल लांब.

ही बाई तीर्थयात्रेबद्दल गोड बोलली नाही याचं नवल वाटायला नको. मला तर त्या पायरीवर बसून तिचा राग पहिल्यांदा पटला. ती काही नुसती सोशिक संत नव्हती. इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण पुडिंगमध्ये अंडं आहे म्हणून खाल्लं नाही; क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत चालेल म्हणून मठातल्या सिस्टरांशी हुज्जत घातली. विशीतच विधवा, कडेवर मनोरमा. तीच लेक पुढे तिचा उजवा हात झाली आणि १९२१ साली आईच्या आधी गेली. त्यानंतरही बाई बायबलाची प्रुफं तपासत राहिल्या.

म्हातारीनं टाच खाली ठेवली. मी वीस रुपये काढले, तर तिनं असं पाहिलं की गुपचूप आत ठेवले. गर्दीत ती कुठे मिसळली कळलं नाही. मी चौफुल्यावर पोचले तेव्हा डावीकडच्या फाट्याला फ्लेक्सवर कुणा पुढाऱ्याचे जोडलेले हात आणि खाली फुकट चहा. चहा चांगला होता. केडगावला वळायची ताकद नव्हती, दिंडी गाठायची होती. टाळ वाजायला लागले तशी वरवंडपर्यंत लंगडत लंगडत गेले आणि का कोण जाणे, पूर्ण वाटभर गात गेले.

रोटी घाट, काटेवाडी, बेलवाडीचं रिंगण, इंदापूर, अकलूज, सगळं एकमेकांत मिसळलंय. पंढरपुरात रांग पाहून कळसालाच हात जोडले.

चंद्रभागेच्या वाळवंटातून मावशीला फोन लावला. तिचा पहिलाच प्रश्न, "केडगावला जाऊन आलीस ना?" नाही म्हटल्यावर भडकली. एवढी पंढरपूरपर्यंत गेलीस आणि चार पावलं बाईंच्या दारात जाववलं नाही? मी ऐकून घेतलं. मग म्हणाली, "परतीच्या एसटीला चौफुल्यावर उतर. मीही येते पुण्याहून. आणि चप्पल धड घालून ये, लोक बघतील."