बाईंची खिडकीतली बरणी

स्मरणिकेसाठी लिहा, असं समितीचं पत्र आलं. सहल, स्नेहसंमेलन, कबड्डीची ढाल यांवर बाकीचे लिहितीलच. मी लिहिणार शास्त्राच्या बाईंवर, म्हणजेच प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या बरणीवर.

येऊरच्या डबक्यातली पाणवनस्पती बाई पाण्यासकट त्या बरणीत ठेवायच्या. हलवायची नाही. सकाळपर्यंत हायड्रे, म्हणजे गोड्या पाण्यातले नळीसारखे इवले प्राणी, उजेडाकडच्या काचेला चिकटलेले, जेमतेम सेंटिमीटरभर. पाणी आटलं तर नळाचं थेट ओतायचं नाही, क्लोरीनने मरतात. दिवसभर उघडं ठेवलेलंच घालायचं. आणि तांब्याच्या भांड्यातलं तर मुळीच नाही.

एक हायड्रा ड्रॉपरने वॉचग्लासात (काचेच्या उथळ बशीत) घ्यायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग सुई लावायची. हलकी लागली तर तेवढंच शुंडक (तोंडाभोवतीच्या धाग्यांपैकी एक) आखडतं. जोरात लागली तर अख्खा प्राणी मोहरीएवढा गोळा होतो. मेंदू नाही, नुसतं चेतापेशींचं विरळ जाळं. तरी शुंडकाची बातमी तळापर्यंत पोचते.

‘हे जाळंच काढलं तर मरेल?’ बाई विचारायच्या. सगळा वर्ग ‘हो’ म्हणायचा. तर नाही! 1976 साली कॅम्पबेल या शास्त्रज्ञाने कोल्चिसीन वापरून चेतापेशी नसलेले हायड्रे तयार केले. (कोल्चिसीन म्हणजे पावसाळ्यात फुलणाऱ्या आपल्या कळलावीतलंही विष.) ते जगतात, अंगाला कळ्या फुटून त्यांना पिल्लंही होतात. पण आपणहून आखडणं-ताणणं थांबतं आणि घास तोंडात कोंबावा लागतो. एरवी जखमी भक्ष्यातून ग्लुटाथायोन हे रसायन पाझरलं की हायड्रा तोंड उघडतो. मात्र कोल्चिसीनने भक्ष्य टिपणाऱ्या डंखपेशीही जातात, तेव्हा उपासमारीचं सगळं खापर चेतापेशींवर फोडायचं नाही, हे बाई बजावून सांगायच्या. पाठ्यपुस्तकात ही मेख नव्हती. आज पदव्युत्तर वर्गाला 302 चेतापेशींच्या कृमीचा 1986 सालचा जोडणी-आराखडा (कोणती चेतापेशी कोणाला जोडलेली, याचा नकाशा) शिकवताना माझी पहिली दहा मिनिटं बाईंच्या त्या प्रश्नावरच जातात.

जुलैत मैदानावरची गांडुळं. आता तिथे पेव्हर ब्लॉक आहेत. गाड्या छान उभ्या राहतात म्हणे. गांडूळ ओल्या खरखरीत कागदावर ठेवायचं. काचेवर त्याचे दृढरोम (अंगावरचे ताठ, बारीक केस) रुतत नाहीत, ते जागच्या जागी वळवळतं. कागद कोरडा नको, त्याचा श्वास कातडीतून. घामट बोटांनी धरायचं नाही. डोक्याकडे काडी लावली की सटकन आखडतं. ती बातमी अधर (पोटाकडच्या) चेतारज्जूतल्या जाड तंतूंतून धावते. तिथेच पुन्हा पुन्हा लावत राहा, हळूहळू ते दादच देत नाही. ‘बाई, मेलं!’ म्हणून मागच्या बाकावरून हमखास ओरडा. बाई काही न बोलता काडी शेपटीकडे न्यायच्या. गांडूळ सटकन आखडायचं.